उघड्या तोंडाचे फोटो

आमच्या भागात सांस्कृतिक कार्यक्रम कसा होतो ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. पत्रिकेवर वेळ संध्याकाळी पाचची असते. सहा वाजेपर्यंत स्टेजवर फक्त माइकवाला असतो आणि तो ‘हॅलो, चेक, चेक’ एवढंच म्हणत राहतो. माझ्या मते अख्ख्या कार्यक्रमातलं तेवढंच बोलणं कामाचं असतं. मग पाहुणे येतात. त्यांच्यासाठी लाल मखमलीचे सोफे मांडलेले असतात, वरचं प्लास्टिक न काढता. पाहुणे बसले की प्लास्टिक करकरतं. मग प्रतिमापूजन, मग दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत आणि मग सत्कार. आधी मुख्य पाहुण्यांचा, मग अध्यक्षांचा, मग मंडपवाल्याचा, आणि शेवटी ज्याचं नाव घ्यायचं राहून गेलं म्हणून जो रुसून मागे जाऊन उभा राहिला आहे त्याचा. ज्यांच्या नावाने पत्रिका छापली ते गाणारे-वाजवणारे तोवर स्टेजमागे पाण्याच्या टाकीजवळ पथारी पसरून बसलेले असतात. त्यांची पाळी येते तेव्हा पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं असतं, आणि पाहुणे उठले की त्यांच्यामागे निम्मा मंडप उठतो.

मी या कार्यक्रमांचे फोटो काढतो. वीस-बावीस वर्षं झाली. जयंती, दुर्गोत्सव, तान्हा पोळा, भजन स्पर्धा, बंजारा तांड्यावरची तीज, शाळांची संमेलनं, कुठल्याशा मंडळाचा कुठलासा वर्धापनदिन. उत्तरेला नेर, दक्षिणेला पुसद, तिकडे मारेगाव, जिथून फोन येईल तिकडे गाडी काढायची. लोकांना वाटतं मी कलेच्या सहवासात आयुष्य काढलं. मी सोफ्यांच्या सहवासात आयुष्य काढलं. कार्यक्रम सुरू झाला की माझी पाठ स्टेजकडे आणि तोंड पहिल्या रांगेकडे असतं, कारण ज्याने मला बोलावलं तो पहिल्या रांगेत बसलेला असतो.

दीपप्रज्वलनाचंच घ्या. सहा माणसं मिळून एक मेणबत्ती धरतात. मेणबत्ती बोटाएवढी, तिला बारा हात. मी म्हणतो, “सर, इकडे.” सहाही जण इकडे पाहतात, हसतात, आणि वात बिचारी तशीच राहते. माझ्याकडच्या दीपप्रज्वलनाच्या फोटोंत निम्म्याहून जास्त दिवे पेटलेलेच नाहीत. आजवर एकाही माणसाने त्याबद्दल तक्रार केलेली नाही. तक्रारी येतात त्या वेगळ्या: माझा हात दिसत नाही, त्यांचा हात माझ्या हातावर कसा, मी मधे होतो तर कडेला कसा गेलो. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून लेकरं उभी असतात आणि फोटोत बैलाच्या शिंगांवर कुणा पुढाऱ्याचं पोट टेकलेलं असतं. लेकरू दिसतच नाही. तेही मी काढलेलंच आहे, आणि वर “मस्त आला, साहेब” असंही म्हटलेलं आहे.

हा धंदा मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांना सगळे उस्ताद म्हणत. बसस्टँडसमोर त्यांचा स्टुडिओ होता, आता तो मी चालवतो. त्यांनी मला कॅमेरा शिकवला त्याहून जास्त गिऱ्हाईक शिकवलं. सुरुवातीच्याच दिवसांत एका सभेत मी भाषण करणाऱ्या माणसाचा फोटो काढला. बोलताना माणसाचं जसं होतं तसंच त्याचं झालं होतं: जबडा फाकलेला, डोळे मिटलेले, कपाळावर शीर. मला वाटलं, जिवंत फोटो आहे. तो माणूस दुकानात येऊन म्हणाला, “काहो, मी तुमाले भुकेला दिसलो काय?” उस्तादांनी त्याला चहा पाजला, फोटो त्याच्यासमोर फाडला आणि तो गेल्यावर मला म्हणाले, “एक गोष्ट ध्यानात ठेव. तोंड उघडं अन् डोये मिटेल, असा फोटो फक्त मुडद्याचा राह्यते.”

ते वाक्य मी आयुष्यभराची कमाई म्हणून जपलं. रोलचा जमाना होता तोवर असे फोटो छापायचे नाहीत, एवढंच होतं. डिजिटल आलं आणि काम सोपं झालं. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन कॉम्प्युटरपुढे बसायचं आणि एक-एक फोटो पुढे ढकलत जायचं. डोळे मिटले, डिलीट. तोंड उघडं, डिलीट. दोन्ही असेल तर विचारसुद्धा करायचा नाही. चहा संपेपर्यंत शेकडो फोटोंचा निकाल लागायचा आणि उरायची ती सगळी ओठ मिटलेली, डोळे टक्क उघडलेली, पोटं आत ओढलेली माणसं. माझं काम फार स्वच्छ आहे असा माझा लौकिक होता. मला त्याचा अभिमानही होता, ते कशाला लपवू.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे अचानक कलावंत फार झाले. झालं असं की, म्हाताऱ्या कलावंतांना सरकार दरमहा मानधन देतं ही गोष्ट गावोगाव पोचली. अर्जाला पुरावा लागतो: प्रमाणपत्रं, पत्रिका, कला सादर करतानाचे फोटो, आणि तेही बऱ्याच वर्षांचे. मग काय, ज्यांनी जन्मात आरतीच्या वेळी टाळीसुद्धा तालात वाजवली नाही ते लोक माझ्या दुकानाच्या पायऱ्या चढू लागले. एक जण तबला घेऊन आला, एकटा तबला, डग्गा नाही. एक जण म्हणाला, मी शाहीर आहे, फेटा तुमच्याकडे मिळेल काय. आणि एक किराणा दुकानदार आले. तालेवार माणूस, दुकान चौकात, स्वतःची दुमजली इमारत. त्यांनी देवळातून पेटी मागून आणली होती आणि सोबत पिशवीत तीन सदरे.

“तीन कायले?” मी विचारलं.

“तीन कार्यक्रम होतीन ना,” ते म्हणाले. “एकाच सदऱ्यात इतकी वर्सं गायलो म्हणू काय?”

खाली सतरंजी घातली, मागे पडदा सोडला. ते बसले आणि पेटी त्यांनी भाता स्वतःच्या पोटाशी येईल अशी ठेवली, पट्ट्या समोरच्या बाजूला. म्हणजे गाणं त्यांनी करायचं आणि पेटी प्रेक्षकांनी वाजवायची.  मी उठून पेटी फिरवून दिली, त्यांची बोटं पट्ट्यांवर नेऊन ठेवली आणि म्हटलं, “इकडे पाहा.” एक फोटो, सदरा बदल, दुसरा फोटो, सदरा बदल, तिसरा. मागचा पडदाही मी बदलला, नाहीतर ऑफिसातला माणूस आंधळा आहे असं धरावं लागलं असतं. फोटो उत्तम आले. ओठ मिटलेले, डोळे उघडे, चेहऱ्यावर समाधान. गाणारा माणूस इतका निवांत कधी दिसत नाही, पण तेवढी अक्कल अर्ज तपासणाऱ्याला असावी अशी काही अट नसते. त्यांचा अर्ज पुढे पहिल्याच फेरीत मंजूर झाला. मी त्यांना मनातल्या मनात हसलो, बायकोपाशी शिव्या दिल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी सतरंजी तशीच अंथरून ठेवली.

त्याच महिन्यात एक बाई आली. आमच्या गावापासून सात-आठ किलोमीटरवर तिचं गाव आहे. साठीच्या पलीकडची, काटक, नेसण पक्कं, हातात प्लास्टिकची फाइल. पाच बायांचा तिचा गाण्याचा संच होता. जयंतीला त्या गायच्या, बारशाला गायच्या, गावात दारूबंदीची सभा असो की शाळेत पोरी पाठवा म्हणून सरकारी कार्यक्रम, गायला यांनाच बसवायचे. हे गाणं तिच्या घरात सासूपासून चालत आलेलं होतं. बाकी दिवस ती सोयाबीन सोंगायला, कापूस वेचायला जायची. मी तिला चांगलं ओळखत होतो, म्हणजे तसं मला वाटत होतं. दरवर्षी दहा-बारा कार्यक्रमांत तरी आम्ही एका मंडपात असू, मी पुढे आणि ती टाकीजवळ.

“भाऊ,” ती म्हणाली, “माहा अर्ज वापस आला.”

मी फाइल पाहिली. वयाचा दाखला होता, रहिवासी होता, दोन जुन्या पत्रिका होत्या ज्यांवर ‘आणि संच’ एवढंच छापलेलं होतं. वर पेन्सिलीने शेरा होता: गातानाचा फोटो जोडावा.

“ऑफिसातला बाबू म्हन्ते, तुमी गाता हे दिसलं पायजे,” ती म्हणाली. “म्या म्हटलं, बाप्पा, गानं दिसन कसं? आयकाले ये ना कधी. तं थो म्हन्ते, आयकू येते त्याले कागद नाही.”

“येवढंच ना?” मी म्हणालो. “मावशी, शेकड्याने आहेत माझ्याकडे तुमचे फोटो. परवा या, चार निवडून ठेवतो.”

हे मी अगदी सहज म्हटलं. तिनेही सहज ऐकलं. आता आपलं काम झालं अशा चेहऱ्याने ती गेली, बस गाठायची होती तिला. पोरगा पुण्याकडे कंपनीत गेलेला, त्याचंच त्याला पुरत नव्हतं. गुडघ्यांनी वेचणी सोडायला लावलेली. ते मानधन मिळालं तर कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागणार नव्हतं, आणि मुदत महिनाअखेरची होती. हे सगळं तिने जाता जाता दारात उभं राहून सांगितलं, रडगाणं न लावता, एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं.

मी हार्ड डिस्क काढल्या. वर्षावार फोल्डर आहेत माझे, नावं नीट दिलेली. पहिलं फोल्डर उघडलं: सोफे. दुसरं: सोफे. जयंतीच्या एका फोल्डरमध्ये चारशे फोटो, त्यात ती तीन फोटोंत. एकात संच बसलेला आहे आणि ती पदर सारखा करते आहे. एकात ती पाणी पिते आहे. तिसऱ्यात तिला नारळ देताहेत आणि देणाऱ्याच्या खांद्याआड तिचा चेहरा गेला आहे. नारळ मात्र स्पष्ट आला आहे. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. दुपारी जेवायला गेलो नाही. म्हटलं, असं कसं होईल, ती गायची तेव्हा मी तिथेच होतो, दोन-चार तरी क्लिक केलेच असणार.

केलेच होते. फोटोंच्या नंबरांत खंड दिसत होते. दोनशे बारानंतर एकदम दोनशे एकोणतीस. मधले सोळा कुठे गेले, ते कळायला मला फार डोकं चालवावं लागलं नाही. ती गाते तेव्हा डोळे मिटून गाते. आणि तोंड उघडल्याशिवाय गाणं म्हणायची सोय अजून निघालेली नाही.

डिजिटल आल्यापासून दर कार्यक्रमाच्या दुसऱ्या सकाळी मी तिला चहाच्या घोटाबरोबर पुसून टाकत आलो होतो. तिलाच काय, सगळ्यांना. भजनी मंडळातले म्हातारे, तीजेला गाणाऱ्या तांड्यावरच्या बाया, सभेआधी पोवाडा म्हणणारा तो उंच माणूस. जो खरंच गात होता तो माझ्याकडे एकही शिल्लक नव्हता. शिल्लक होते ते टाळ हातात धरून कॅमेऱ्याकडे पाहणारे. मी इतकी वर्षं सोफ्यावरच्यांना नावं ठेवत होतो की यांना कलेचं काही पडलेलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडतो, तसा मी उस्तादांवर चिडलो. ते वारून सात वर्षं झालीत, त्यामुळे त्याचाही उपयोग झाला नाही.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी ती आली. मी खरं ते सांगितलं, म्हणजे निम्मं सांगितलं. म्हटलं, जुने फोटो कॉम्प्युटरमधून उडाले. आपणहून उडाल्यासारखं.

“मंग?” ती म्हणाली.

“मग काय, इथं बसा. सतरंजी आहेच. माइक देतो हातात. नवा काढू.”

ती बसली. मी दिवे लावले, पडदा सोडला, तोच, दुकानदाराच्या दुसऱ्या सदऱ्याचा. माइक तिने धरला आणि माझ्याकडे पाहत राहिली.

“तोंड उघडा ना, मावशी. गाता तसं.”

“गानं म्हनू काय?”

“म्हणायची गरज नाही. नुसतं उघडा.”

“नुसतं कायले उघडू? दात दाखवाचे हाय काय डाक्टरले?”

मी म्हटलं, बरं, मग म्हणा. तिने इकडेतिकडे पाहिलं. बाहेर बसचा हॉर्न, आत पंखा आणि मी. “कोनाले म्हनू?” ती म्हणाली. “ह्या पडद्याले?” आणि माइक खाली ठेवून उठली. रागाने नाही. तिला ते करता येईना, एवढंच. ज्या कामाला किराणा दुकानदाराला सदरा बदलण्याइतका वेळ लागला ते काम जन्मभर गाणाऱ्या बाईला जमेना. शिवाय ती म्हणाली तेही खरं होतं. आज काढलेला फोटो आजचा दिसणार, आणि बाबूला जुने हवे होते. सदरे बदलून वर्षं मागे ढकलायची युक्ती तिला सुचली नाही, आणि मी सुचवली नाही. एवढं एक पुण्य माझ्या नावावर धरायला हरकत नाही.

ती गेल्यावर मला रोलचे दिवस आठवले. रोलमधला वाईट फोटो आपण छापत नसू, पण निगेटिव्ह काही पुसली जात नाही. माळ्यावर उस्तादांचे बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते, त्यांत पट्ट्या कापून ठेवलेल्या. डबे खाली काढले. निम्म्या पट्ट्या बुरशीने एकमेकींना चिकटल्या होत्या. दोन दिवस मी दुकान अर्धं बंद ठेवून एक-एक पट्टी उजेडाला धरून पाहत बसलो. उलट्या रंगांत माणसं ओळखायची सवय आता राहिलेली नाही. पांढरे केस काळे दिसतात आणि दात काळे. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. स्टेज, मागे बॅनरचा तुकडा, पुढे पाच बाया, मधली बाई माइकपुढे, डोळे मिटलेले, तोंड उघडं, एक हात कानाशी. फ्रेमवर मीच मार्कर पेनने फुली मारलेली होती, छापायचा नाही म्हणून.

मी ती फुली स्पिरिटने पुसली. स्कॅन केला, धूळ काढली, मोठा छापला. किती वर्षांनी कळलं की फोटो फार चांगला आहे. त्या बाईच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या, बाजूची खंजिरीवाली तिच्याकडे मान वळवून पाहत होती, आणि मंडपातला कुणीच कॅमेऱ्याकडे पाहत नव्हता. मी खूश झालो. इतका की, मीच उपकार करतो आहे असं वाटायला लागलं. फोन करून तिला बोलावून घेतलं.

तिने फोटो दोन्ही हातांत धरला. पुष्कळ वेळ पाहिला. मग काचेच्या काउंटरवर ठेवला आणि पदराने त्यावरचं आपल्या बोटांचं निशाण पुसलं.

“हे मी नाही, भाऊ,” ती म्हणाली. “हे माही मोठी जाऊ हाय. मी हे.” आणि तिने खंजिरीवालीवर बोट ठेवलं. “पयले थे गाये. थे गेल्यावर मंग मी गाले लागली.”

मी फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. काहीच सारखं नव्हतं. नाक वेगळं, कपाळ वेगळं, जाऊ उंच, ही ठेंगणी. दोघींत काही साम्य असतं तर मला तेवढाच आडोसा मिळाला असता. वीस वर्षं मी या बाईच्या तोंडासमोर फ्लॅश मारत होतो आणि मला तिचं तोंड माहीत नव्हतं. आणि तेवढ्यावर मी थांबलो असतो तरी बरं झालं असतं. पण मी म्हणालो, “मावशी, ऑफिसात कुणाला कळते? तरुणपणीचा फोटो आहे म्हणायचं. लावून द्या.”

“थे मेली हाय.”

“म्हणून तर. तक्रार कोण करते?”

 ती रागावली असती तर मी काही तरी उत्तर दिलं असतं. “तिनं गायलं, तिले काही भेटलं नाही,” ती म्हणाली. “आता तिचं तोंड दाखवून मी मागू काय? हे नाही जमत मले. फोटो मात्र देऊन द्या. तिच्या लेकीपाशी मायचा एकही नाही.”

मी फोटो पाकिटात घालून दिला. मग ती खुर्चीवर बसली आणि तिने फाइलमधून एक कोरा कागद काढला. बाबूने आणखी एक वाट सांगितली होती: फोटो नसेल तर कार्यक्रमांना हजर असलेल्या कुणा माणसाचं लेखी आणा, की या बाईला मी इतकी वर्षं गाताना ऐकलं आहे, अमुक-अमुक गाणी त्या म्हणतात. ती आधी एका मंडळाच्या अध्यक्षांकडे गेली होती. त्यांनी तिला स्वतःच्या हाताने तीनदा नारळ दिलेला, तिन्ही नारळांचे फोटो माझ्याकडे आहेत. ते म्हणाले, ताई, आपण कोण? दुसऱ्या एका पुढाऱ्याकडे गेली, ते म्हणाले, मी भाषणापुरता होतो, नंतर निघून गेलो. हे मात्र खरं होतं.

“तुमी तं आखरीलोक राहता,” ती म्हणाली. “सामान गुंडायेपर्यंत. तुमीच लिहा.”

ते दोघे काय लायकीचे आहेत ते मी तिला चांगलं सविस्तर ऐकवलं. ऐकवता ऐकवता पेनचं टोपण काढलं. काम सोपं होतं, आणि मला ते मनापासून करायचं होतं. वर तारीख घातली, ‘प्रति’ लिहिलं, खाली सुबक अक्षरात सुरू केलं: मी व्यवसायाने छायाचित्रकार असून सदर बाईंना गेली वीस वर्षे निरनिराळ्या कार्यक्रमांत गाताना ऐकले आहे. त्या पुढील गाणी म्हणतात.

आणि एकचा आकडा लिहून त्याभोवती गोल केला.

पेन तिथेच थांबलं. मी आठवू लागलो. त्यांना नारळ कुणी दिला ते आठवलं, कुठल्या मंडपात विजेचा घोटाळा झाला ते आठवलं, कुठल्या सोफ्यावर कोण बसलं होतं आणि कुणी कुणाला खुर्ची सोडली नाही तेही आठवलं. गाणं आठवेना. एक ओळ नाही, चाल नाही, साधा विषय नाही. ती गात असताना मी फ्लॅशची बॅटरी बदलत असे, किंवा उतरणाऱ्या पाहुण्यांच्या मागे पायऱ्यांवर धावत असे. म्हटलं, एखादं तरी सुचेल. ती समोर हात जुळवून बसली होती, मी लिहितो आहे या भरवशावर.

“मावशी,” मी शेवटी म्हणालो, “कोणतं गाणं लिहू?”

तिला लगेच कळलं. मी ओशाळलो ते तिने पाहिलं आणि नजर कागदाकडे वळवली, मला बरं वाटावं म्हणून असेल.

“आमी सुरुवात तं एकाच गान्यानं करतो,” ती म्हणाली. “दर टायमाले. सासूच्या येळपासून.”

मग तिने सांगितलं. गाणं शाळेत निघालेल्या पोरीचं होतं. आई तिची वेणी घालता घालता तिला सांगते की वाटेत कुणी अडवलं तर काय म्हणायचं. ती न गाता, सावकाश, शब्द तोडून सांगत गेली आणि मी उतरवून घेत गेलो. मधे एकदा मी ‘पाटी’ऐवजी ‘पोथी’ लिहिलं, ते मी वाचून दाखवताच तिने दुरुस्त करायला लावलं. मग दुसरं गाणं, मग तिसरं. तीन गाण्यांत पान भरलं.

“आता पयल्यापासून वाचा,” ती म्हणाली.

मी वाचलं. ‘गाताना ऐकले आहे’ इथे माझा आवाज खाली गेला. मी थांबलो, पेन उचललं. म्हटलं, हे खोडतो, ‘पाहिले आहे’ असं करतो. तेही कुठे खरं होतं म्हणा.

“राहू द्या,” ती म्हणाली. “बाबूले आयकलं असंच लागते.”

मी सही केली. शिक्का मारला. तिने कागद फाइलीत घातला, पाकीट पिशवीत ठेवलं आणि पायऱ्या एका बाजूने, गुडघा सांभाळत उतरली.

अर्ज मंजूर झाला. तिचं वय खरं होतं, गाव खरं होतं, तिन्ही गाणी खरी होती. खोटं वाक्य त्यात एकच होतं, आणि त्याच्याखाली माझी सही आहे.